वटवाघळं काढणारी सर्व्हिस, डिचोलीकडचं जुनं कौलारू घर: चार स्टार, पाचवा का कापला ते आत लिहिलंय

पाचपैकी चार स्टार. काम चोख केलं, एकही वटवाघूळ मारलं नाही, गेलेली परत आली नाहीत, आणि मुख्य म्हणजे वटवाघळं गेल्यावर मागे माळ्यावर जे उरतं त्याचं काय करायचं हे ह्या लोकांना कळतं, जे मी आधी विचारलेल्या एकालाही कळत नव्हतं. एक स्टार कापलाय तो वेळ पाळत नाहीत म्हणून आणि बिलाच्या गोंधळासाठी.

घर सासरचं, गोव्यात, डिचोली तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, वर लाकडी फळ्यांचा माळा, जिथे जुने पेटारे नि मोडका पाळणा सोडून काही नाही आणि कोणी चढतही नाही. आम्ही फोंड्याला असतो, घरी माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि त्यांच्या सोबतीला एक बाई. वटवाघळं ह्या घरात कायमचीच, मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिन्हीसांजेला ती कौलांखालून भराभर सुटताना बघतेय, लहान लहान कीटक खाणारी, कोणाला त्रास नाही. पण गेल्या काही वर्षांत संख्या बरीच वाढली, फळ्यांच्या फटीतून लेंड्या खाली पडायला लागल्या, पावसात तो उग्र वास घरभर, आणि चवथीला गणपतीच्या वर माटोळी (फळाफुलांची सजावट) बांधतो ती नेमकी त्याच फळ्यांखाली, मग माईंनी निकालच दिला की यंदा चवथीच्या आत हे काय ते निस्तरा नाहीतर मी माटोळी पडवीत बांधते.

सुरुवातीला जो पेस्ट कंट्रोलवाला आला (नाव नको) त्याने शिडी उतरवायचेही कष्ट घेतले नाहीत, खालून टॉर्च मारला नि म्हणाला धूर सोडतो मॅडम, एका रात्रीत साफ, लेखी गॅरंटी. मेली तर? मेली तर गोळा करून नेतो. आणि वाशांच्या फटीत आत अडकून मेली तर? ह्यावर गप्प. मग विषय बदलून त्याने माईंना निपाह व्हायरसची भीती घातली, केरळात २०१८ साली काय झालं माहितीय ना आजी, आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पण सापडलाय म्हणे. आता २०२१ ची ती बातमी मीही वाचली होती, पुण्याच्या एनआयव्हीला (विषाणू संस्थेला) तिथल्या वटवाघळांत निपाहच्या अँटिबॉडी मिळाल्या होत्या हे खरंच आहे, पण त्याचा अर्थ आमच्या माळ्यावर धूर कोंडून सगळी मारा असा कुठून निघतो? शिवाय घाबरून सैरावैरा उडणारी, खोल्यांमधून आपटणारी वटवाघळं माणसाच्या जास्त अंगावर येतात, आणि चावलं की ती जखम साबणाने धुवून थेट डॉक्टर गाठावा लागतो. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

मग कॉलेजमधल्या एका सहकाऱ्याकडून ह्या लोकांचा नंबर मिळाला. दोघेच आहेत, एक चाळिशीतला मोठा नि त्याच्या हाताखाली एक पोरगा, वटवाघळं, मधमाश्या, कौलांत शिरलेली घुबडं असली सगळी कामं करतात. फोनवर मोठा अगदीच तुटक बोलला, मला वाटलं हेही तसलेच. पण आल्यावर त्याने जे विचारलं त्यावर मी चाट पडले. माळ्याकडे बघितलंही नाही, आधी माईंना म्हणाला, "आजी, रात्री झोपेत काही चावतं काय? सकाळी उठल्यावर लाल गांधी दिसतात?"

माई म्हणाल्या, "चावतं की रे. ढेकूण असतील. खाट उन्हात टाकली, रॉकेल लावलं, जात नाहीत मेले."

"खाट खंय असता?"

खाट देवघराच्या बाजूच्या खोलीत, बरोबर माळ्याच्या त्याच फळ्यांखाली.

मग तो वर चढला, मागून मीही चढले (साडी खोचून, माईंचा ओरडा खात). एका वाशाच्या नि भिंतीच्या मधल्या फटीखाली त्याने पांढरा कागद धरला आणि रंगाऱ्यांची असते तसली पातळ पत्र्याची पट्टी आतून हळूच ओढली. कागदावर सुक्या लेंड्या, किड्यांचे पंख, कोळिष्टकं, धूळ. मला काहीच दिसेना. म्हणाला थांबा, हलवू नका. थोड्या वेळाने त्या धुळीतला एक चपटा, करडा, सुरकुतलेला ठिपका चालायला लागला. "गोचीड," तो म्हणाला, "पण गुरांची नव्हे, वटवाघळांची. तुमच्या आजीला ढेकूण नाय, ही चावता."

ती मी झाकणाच्या बाटलीत घालून कॉलेजला नेली, कारण मी मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि असलं काही फुकट हाती लागलं की सोडायचं नसतं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पाठीवर टणक ढाल नाही, कातडं चामड्यासारखं, तोंड खालच्या बाजूला दडलेलं, वरून दिसतच नाही. म्हणजे मऊ गोचीड. नेमकी जात ठरवणं हे त्यातल्या माणसाचं काम, पण ह्या गटातली एक जात, आर्गस व्हेस्परटिलियोनिस, खास वटवाघळांच्या वस्तीतच राहते, भारतातही आहे, आणि माणसाला चावल्याच्या नोंदीही आहेत. ह्या मऊ गोचिड्या गुरांच्या गोचिडीप्रमाणे दिवसचे दिवस अंगाला चिकटून बसत नाहीत, मोठी झालेली गोचीड रात्री येते, थोडा वेळ रक्त पिते आणि परत फटीत जाते, त्यामुळे सकाळी अंगावर फक्त गांधी उरते आणि बिचाऱ्या ढेकणांवर आळ येतो. आणि उपाशी राहायची ताकद इतकी की महिनोन्महिने काही खायला मिळालं नाही तरी जिवंत.

आता इथे माझा धंद्याचा विषय येतो, तर जरा लांबण लागेल. वटवाघूळ म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात व्हायरस, कोरोनाने तर ते पक्कंच करून टाकलंय. पण वटवाघळांच्या रक्तात बॅक्टेरियाही असतात, आणि बऱ्याच ठिकाणी भरपूर असतात, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. त्यातला मुख्य बार्टोनेला. पेरूमधल्या अल्बेर्तो बार्तोन नावाच्या डॉक्टरला १९०५ साली रुग्णांच्या तांबड्या पेशींत हे जंतू दिसले, त्याच्यावरून नाव. हा जंतू तांबड्या रक्तपेशीच्या आत जाऊन बसतो, तिथे शरीराच्या पोलिसांचं फारसं लक्ष जात नाही, आणि रक्तात महिनोन्महिने टिकून राहतो, ज्या प्राण्यात तो मुरलाय तो प्राणी बाहेरून बघाल तर धडधाकट. केनियात २००६ आणि २००७ मध्ये पकडलेल्या ३३१ वटवाघळांपैकी १०६ जणांच्या रक्तातून बार्टोनेला वाढवता आला होता, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, आणि ती सगळी नीट उडणारी, खाणारी-पिणारी वटवाघळं. आपल्या शेजारी बांगलादेशातही फळं खाणाऱ्या वटवाघळांत हा सापडलाय, आणि त्यांच्या अंगावरच्या माश्यांमध्येही, आणि त्या जाती आपल्याकडे भारतातही सगळीकडे आहेत.

दुसरा प्रकार हिमोप्लाझ्मा. हे मायकोप्लाझ्माचे भाऊबंद, ह्यांना पेशीभित्तिकाच नसते (म्हणून पेनिसिलिनचा उपयोग शून्य), आणि हे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. स्लाइडला गिम्सा नावाचा रंग देऊन बघितलं तर पेशीच्या कडेला बारीक टिंबं, आणि नवखा पोरगा हमखास ती रंगाची घाण समजून सोडून देतो, किंवा उलट, रंगाच्या घाणीलाच जंतू म्हणतो. लॅबमध्ये ते वाढवताही येत नाहीत, त्यामुळे जनुकं ओळखणारी पीसीआर चाचणी आल्यावरच ह्यांचा खरा पसारा कळला. स्पेन, अमेरिका, जिथे बघितलं तिथे वटवाघळांत सापडले, आणि पेरू नि बेलीझमधल्या रक्तपिपासू वटवाघळांत तर सर्रास. (माईंना सांगून ठेवते तेच इथेही, रक्त पिणारी वटवाघळं जगात तीनच जातींची, ती सगळी लॅटिन अमेरिकेत, आपल्याकडची कोणाचं रक्त पीत नाहीत, उलट त्यांचंच रक्त दुसरे पितात.)

ते दुसरे कोण, तर एक ही गोचीड आणि दुसरी वटवाघळावरची माशी. ही माशी त्या दोघांनीच मला पहिल्यांदा प्रत्यक्ष दाखवली, आजवर फक्त पुस्तकात बघितली होती. पोरग्याने चिकटपट्टीवर पकडून आणली आणि म्हणाला मॅडम कोळी बघा. बघणाऱ्याला कोळीच वाटणार, पंख नाहीत, लांब वाकडे पाय, पण पाय मोजा, सहा. भिंगाखाली तर अजून गंमत, डोकं मागे दुमडून पाठीवर टेकवलेलं, पुढून बघितलं तर डोकं नाहीच असं वाटतं. आणि ही माशी अंडी घालत नाही. अळी मादीच्या पोटातच पूर्ण वाढते, मग मादी वटवाघळाच्या अंगावरून उतरून ती वाशावर नाहीतर भिंतीवर चिकटवते नि परत जाते. ते कोष वाशावर होते, काळे, चकचकीत, मोहरीचा दाणा चपटा करून चिकटवावा तसे, ओळीने. मी आधी रंगाचे शिंतोडे समजले होते.

म्हणजे बघा, वटवाघळं उडून गेली तरी माशीची पुढची पिढी वाशाला चिकटलेली, आणि गोचीड फटीत. बॅक्टेरिया रक्तातून रक्तात जायचा तो मुख्यतः ह्यांच्या मार्फत, असं ह्या विषयातले लोक मानतात. ह्याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा घानातला आहे, आक्राच्या प्राणिसंग्रहालयात फळं खाणाऱ्या वटवाघळांची एक बंदिस्त वसाहत ठेवली होती, तिथे अंगावरच्या माश्या कमी होत गेल्या तसा बार्टोनेलाही उतरला, आणि पुन्हा माश्या सोडल्यावर तो परत चढला. वटवाघळं तीच, पिंजरा तोच. म्हणून मी म्हणते की वटवाघळं काढणाऱ्याला वासाचं नि डागांचं विचारा, हवं तर गॅरंटीचंही विचारा, पण आधी हे विचारा की वटवाघळं गेल्यावर फटींचं काय करणार. धूरवाल्याला विचारलं असतं तर त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं असतं. धुराने वटवाघळं मेली असती आणि गोचिड्या उपाशी राहून खाली खाटेवर उतरल्या असत्या, आणि वर माळ्यावर कुजलेली वटवाघळं.

माणसाला काय होतं, हे सगळेच विचारतात, तर तेही सांगते, पण घाबरवायला नव्हे. अमेरिकेत आयोवामध्ये एका माणसाच्या हृदयाच्या झडपेत बार्टोनेलाची नवीनच जात सापडली, ते २०१० मध्ये छापून आलं, आणि नंतर २०१४ मध्ये तीच जात फिनलंडमधल्या वटवाघळांच्या रक्तात मिळाली. नायजेरियात इदान्रे गावी वटवाघळं पकडायचा उत्सव असतो, तिथल्या काही लोकांच्या रक्तात वटवाघळांतल्या बार्टोनेलाविरुद्धच्या अँटिबॉडी मिळाल्या, म्हणजे जंतूशी गाठ पडली होती. झांबियात तर ताप आलेल्या एका माणसाच्या रक्तात, गुहेतल्या मऊ गोचिडीत आणि तिथल्या वटवाघळांत एकच बोरेलिया सापडला, हा उलटून उलटून येणाऱ्या तापाच्या जातीचा जंतू, हे २०१९ मधलं. आणि वटवाघळालाही हे काही कायम मानवतंच असं नाही, ब्रिटनमध्ये एक पिपिस्ट्रेल वटवाघूळ बोरेलियानेच मेल्याची २००९ मधली नोंद आहे, अंगावर ह्याच आर्गस गोचिडीची पिल्लं होती.

पण अख्ख्या जगात मिळून अशा केसेस मोजक्याच. आमच्या माळ्यावरच्या वटवाघळांचं रक्त कोणी तपासलेलं नाही, आणि माईंना गांधींपलीकडे काही झालेलं नाही, ताप नाही काही नाही. (वर्गातली पोरं म्हणाली मॅडम एक पकडून रक्त काढूया, प्रॅक्टिकल होईल. त्यांना सांगितलं, वनखात्याची परवानगी आणलीत तर बघू, तोवर गप्प स्लाइड काढा.) खरं तर बार्टोनेलाचीच भीती वाटत असेल तर ओटीवर लोळणाऱ्या मांजराच्या पिसवा आधी बघा, मांजर ओरबाडल्यावर येणारा ताप आणि सुजलेल्या गाठी ह्याच कुटुंबातल्या जंतूच्या, आणि माणसाच्या अंगावर तेच जास्त येतं. माईंना हे सांगितलं तर वटवाघळांवर भडकलेल्या माई मांजराबद्दल एक शब्द ऐकून घ्यायला तयार नाहीत.

गोचीड हा शब्द ऐकून मात्र शेजारीपाजारी दचकले, आणि त्यांचं काही चुकलं नाही, इथून सत्तरी तालुका कितीसा लांब, २०१५ पासून तिकडे माकडतापाने लोकांची झोप उडवली होती. ती गोचीड वेगळी, रानातली, कडक पाठीची, आणि तो व्हायरस. तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, १९६९ मध्ये कर्नाटकात माकडतापाचा व्हायरस एका वटवाघळातून आणि वटवाघळांच्या वस्तीतल्या मऊ गोचिडीतूनही वेगळा काढला होता. म्हणून माळ्यावरच्या गोचिडीकडे दुर्लक्ष करा असं मी तरी म्हणणार नाही.

बरं, आता कामाकडे. त्यांना पहिल्यांदा बोलावलं ते मे महिन्यात, कौलं परतायचं काम तेव्हाच काढतात म्हणून आम्हाला सगळं एकदमच उरकायचं होतं. मोठ्याने वर बघून सरळ नाही म्हणून सांगितलं. आत पिल्लं आहेत, अजून उडत नाहीत, आता वाट बंद केली तर आया बाहेर, पिल्लं आत मरणार, वास तिप्पट, आणि गोचिड्या तुमच्या डोक्यावर. पावसात पिल्लं उडायला लागली की येतो. मिळणारं काम सोडून जाणारा माणूस हल्ली बघायला मिळत नाही, माझा विश्वास तिथेच बसला. माझा नवरा मात्र कुरकुरला, कारण कौलांवरची माणसं दोनदा बोलवावी लागणार होती.

श्रावणात पावसाने उघडीप दिली तेव्हा आले. आधी संध्याकाळी राजांगणात खुर्च्या टाकून बसले आणि वटवाघळं कुठून कुठून सुटतात ते बघून प्रत्येक जागेवर खडूने खूण केली. आमचा समज होता की वाट एकच, निघाल्या कितीतरी. लहानसहान फटी दुसऱ्या दिवशी बंद, आणि ज्या मुख्य वाटा, तिथे बारीक जाळीचे पडदे, वरून नि बाजूने ठोकलेले, खालून मोकळे. वटवाघूळ आतून येतं, जाळीवरून सरपटत खाली येऊन सुटतं, परत येताना मात्र नेहमीच्या जागी जाळी, खालून शिरायचं त्याला सुचत नाही. हे पडदे बरेच दिवस तसेच ठेवले, कारण जोराच्या पावसात काही वटवाघळं बाहेरच पडत नाहीत. शेवटी पोरगा माळ्यावर फिरून टॉर्चने एकेक फट बघून आला, मगच पक्कं बंद.

त्यानंतरची साफसफाई बघण्यासारखी. कोरडी झाडू अजिबात नाही. आधी फवारणीच्या पंपाने लेंड्यांवर पाणी नि जंतुनाशक, सगळं भिजेपर्यंत, मग खरवडून गोण्यांत, गोण्यांची तोंडं वरच बांधलेली. वटवाघळांच्या सुक्या लेंडीची धूळ नाकात गेली तर एका बुरशीचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, म्हणून दोघांच्या तोंडावर एन-९५, हातमोजे, अंगभर प्लास्टिकचा सूट, ऑगस्टच्या उकाड्यात. पोरगा घामाने निथळत होता तरी मास्क खाली केला नाही, हे मी मुद्दाम बघत होते. मग पट्टीने वाशांवरचे ते माशीचे कोष खरवडले, आणि फटींमध्ये औषध, पण फक्त फटींत नि सांध्यांत, सरसकट फवारा नाही, आणि वटवाघळं असताना तर थेंबही नाही. माईंची खाट भिंतीपासून सुटी करून पायांना चिकटपट्ट्या लावून दिल्या, त्यांवर पहिल्या काही रात्री दोन-तीन गोचिड्या मिळाल्या, नंतर नाही. माईंच्या गांधी बंद झाल्या. (रॉकेल लावणं मात्र चालूच आहे.)

आता एक स्टार. सकाळी नऊ म्हणजे ह्यांचे साडेअकरा. फोन करा तर "वाटेर आसा", आणि वाट कुठली ते देवाला ठाऊक. जाळी ठोकताना चांगली कौलं फोडली, बदलून दिली ती नवीन लालभडक, जुन्या काळपट छपरावर लांबून दिसतात. बिलाचा तर आनंदच, तोंडी १६,००० ठरले होते, हातात आलेल्या कागदावर वरचं औषध वेगळं, गोण्या टाकायचे वेगळे, आणि तो कागदही वहीचा फाडलेला. मी जीएसटीचं पक्कं बिल मागितलं तेव्हा ते यायला चवथ उलटून गेली. शिवाय सांगायची पद्धत फारच तोकडी. ह्यांना माहिती भरपूर आहे, पण मी विचारलं म्हणून कळलं, दुसऱ्या कोणी विचारलं नसतं तर आजीला काय चावतंय हे एका वाक्यात सांगून मोकळे झाले असते. एक छापील कागद देता आला तर बरं, काम झाल्यावर काय बघायचं, किती दिवस बघायचं, ताप आला तर डॉक्टरला वटवाघळांबद्दल नि गोचिडीबद्दल आवर्जून सांगा, असं. कारण बार्टोनेला लॅबमध्ये अतिशय सावकाश वाढतो, कित्येक आठवडे, डॉक्टरने आधी सांगून ठेवलं नाही तर लॅबवाले प्लेट तोवर टाकूनही देतात.

किमतीचं म्हणाल तर धूरवाल्याच्या जवळजवळ दुप्पट. मला महाग वाटलं नाही, पण ज्याचं घर लहान आहे, माळा नाही, चार-दोन वटवाघळं पडवीच्या कौलांत आहेत, त्याने एवढा खर्च करू नये, जाळीचा पडदा गावातला सुतारही लावून देईल, फक्त मे-जूनमध्ये लावू नका. आणि फळं खाणारी मोठी वटवाघळं परसातल्या झाडावर लटकतात म्हणून ह्यांना बोलावणार असाल तर तेही नको, ती घरात शिरत नाहीत, झाडाखालचं उष्टं फळ उचलून खाऊ नका एवढं पाळलं की झालं. फळवटवाघळं कायद्यात आधी उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीत काढून टाकली, हे मोठ्यालाही माहीत होतं, धूरवाल्याला नव्हतं.

परत एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर येऊन फटी तपासून जाणार, ते ठरलेल्या पैशांतच आहे, पण स्वतःहून येतील ह्या भरवशावर राहू नका, जानेवारीतच फोन करून तारीख घ्या. शिडी त्यांची लहान पडते, आमच्याकडे माडावर चढायची शेजाऱ्यांकडून आणावी लागली, तर उंच घर असेल तर आधी बोलून ठेवा. आणि बिल काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या, औषध नि गोण्यांसकट.